उंटाचं वाकडं तोंड

गेली तेवीस वर्षं मी जनावरांना कपडे घालतो. यावर घर चालतं हे आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून पटलेलं नाही. उरलेल्या निम्म्यांना वाटतं की मी कम्प्युटर दुरुस्त करतो. त्यांचा प्रिंटर अडकला की ते मला फोन करतात. खरं काम असं, की अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, खाली लेथ मशीनचं वर्कशॉप आणि वर आमचा स्टुडिओ, तिथे बसून लहान मुलांच्या कार्टूनसाठी प्राणी तयार करायचे. सॉफ्टवेअरमध्ये मातीच्या गोळ्यासारखा एक गोळा घ्यायचा, ओढून-दाबून त्याला नाक, कान, पोट काढायचं, आत हाडं बसवायची, की तो हलायला लागतो. कुरियर पोचवणारं कासव मी केलंय. केस कापणारा कावळा केलाय. मधुमेह झालेली एक मुंगीही केली होती, पण ती क्लायंटने परत पाठवली. साखर न खाणारी मुंगी बघून मुलं रडतील म्हणाले.

वडिलांना माझा धंदा कधी कळलाच नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्यात तथ्य नाही. त्यांना तो नीट कळला होता, म्हणूनच ते हसायचे. आधी ते गिरणीत होते, गिरणी गेल्यावर घाटकोपरच्या एका छापखान्यात मशीनवर. पन्नासच्या वर वर्षं मुंबईत काढली तरी तोंडातली मालवणी गेली नव्हती. संध्याकाळी मी मेट्रोतून उतरून घरी पोचलो की चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा, "काय रे, आज कोणाक शेपटी लावलंस?"

"शेपटी नाही आज. पाणघोड्याला चष्मा लावला."

"मगे? दिसूक लागला काय तेका?"

आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे. माझं लग्न जमवताना त्यांनी मुलीकडच्यांना "झील कम्प्युटरात असा", म्हणजे मुलगा कम्प्युटरात आहे, एवढंच सांगितलं होतं. जनावरांचा उल्लेख त्यांनी साखरपुडा होईपर्यंत मोठ्या संयमाने दाबून ठेवला.

मागच्या वर्षी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले ते तसेच बसले. अकरा दिवस हॉस्पिटल झालं. घरी आणले तेव्हा उजवा हात आणि पाय अर्धे ऐकत होते, चेहऱ्याची उजवी बाजू खाली उतरली होती, आणि बोलणं गेलं होतं. एक शब्द सोडून. "मेल्या" हा शब्द त्यांना खणखणीत म्हणता यायचा. चहा हवा असला तरी मेल्या, पंखा बंद करायचा असला तरी मेल्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्या आणि देवाचं नाव डोक्यात वेगळ्या जागी असतात, तेवढं उरतं. आईला वाईट वाटलं की देवाचं नाव नाही उरलं.

आठवड्यातून एकदा मुलुंडहून एक मुलगी त्यांना बोलायला शिकवायला यायची. स्पीच थेरपिस्ट. तिशीचीही नसेल, पण वडील तिच्यापुढे पहिलीतल्या पोरासारखे ताठ बसायचे. पहिल्याच दिवशी तिने मला स्पष्ट सांगितलं, "काकांना सगळं समजतंय. फक्त शब्द बाहेर येत नाहीयेत. हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. आता तोंडाचे व्यायाम झाले तर बोलणं बरंच परत येऊ शकतं. नंतर फार कठीण जातं." मग तिने व्यायाम दाखवले. आ करा. ई करा. ऊ. ओठ मिटून गाल फुगवा. जीभ डावीकडे, जीभ उजवीकडे.

मला हसू आलं. ही माझीच यादी होती. कुठलाही प्राणी बोलता करायचा तर आम्ही त्याच्यासाठी तोंडाचे हेच आकार बनवतो, आ, ई, ऊ, फुगलेले गाल. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "अरे वा, मग तुम्हाला घरच्या घरी सोपं जाईल. रोजचा व्यायाम फोनवर शूट करून मला पाठवत जा. मी बघून पुढचं सांगेन."

तर रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी स्टुलावर फोन उभा करायचो, आई समोर बसून "अहो, आ करा बघू" म्हणायची आणि वडील आ करायचे. तिसऱ्या आठवड्यात "पाणी"मधला "पा" आला. आईने शेजारच्या दोन घरी पेढे दिले. शेजारीण म्हणाली, नातू झाला का? आई म्हणाली, नाय, पा झाला.

त्याच दिवसांत स्टुडिओत माझा उंट अडकला होता. परदेशी क्लायंटची मालिका होती, एका गल्लीत दुकानं चालवणारे प्राणी. उंटाची लाँड्री. तो कपडे सुरेख इस्त्री करतो, पण कुणाचे कुणाला द्यायचे ते विसरतो. मी तीन वेळा उंट करून पाठवला, तिन्ही वेळा परत आला. शेरा तोच: फार नीटनेटका आहे, त्याच्यावर जीव जडत नाही.

यात आमच्या कामाच्या पद्धतीचा दोष होता. आम्ही चेहरा अर्धाच बनवतो. एक डोळा, एक गाल, अर्धा ओठ मन लावून करायचा. दुसरी बाजू सॉफ्टवेअर आरशासारखी काढून देतं. वेळ वाचतो. नवीन मुलांना शिकवताना मी ऐटीत सांगतो की तेवीस वर्षांत मी एकही पूर्ण प्राणी केलेला नाही. पण अशा चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एकाच क्षणी हसतात, आणि ते कुठेतरी खोटं दिसतं.

एका दुपारी डबा खाता खाता सकाळचा व्हिडिओ मुलुंडला पाठवायचा राहिला म्हणून उघडला. समोर मोठ्या स्क्रीनवर उंट होता. फोनमध्ये वडील गाल फुगवत होते. डावा गाल फुगला, उजव्या कोपऱ्यातून हवा सुटली, आणि उजवा ओठ डाव्याच्या मागून, बोट धरून ओढत आणलेल्या लहान भावासारखा, उशिरा आला. मग ते आईकडे बघून ओशाळून हसले. अर्धं हसू आधी, अर्धं नंतर.

मी व्हिडिओ थांबवला. एकेक फ्रेम पुढे नेली. आमच्या कामात सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चोवीस स्थिर चित्रं, असतात. उजवी बाजू डावीच्या तीन फ्रेम मागे होती. मी कागदावर तीन लिहिलं. उजवी पापणी किती खाली, ते मोजलं. पाणी पिताना हनुवटीवर थेंब कधी येतो, ते बघण्यासाठी आदल्या दिवशीचा व्हिडिओ काढला. मुलगा म्हणून मी हे करत नव्हतो, ते मला तेव्हाही माहीत होतं. आमच्याकडे याला रेफरन्स म्हणतात. सगळेच घेतात, कोणी वॉचमनच्या चालीवरून, कोणी स्वतःच्या बायकोच्या शिंकेवरून. डबा तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत उंट जिवंत झाला होता.

क्लायंटचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, नुसती हृदयं आणि टाळ्या. इस्त्री केलेल्या शर्टावर उंटाची लाळ टपकते तो शॉट त्यांनी आपापसात दहा वेळा पाहिला म्हणे. आमची सुपरवायझर, माझ्या निम्म्या वयाची, खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "दादा, झकास! कुठून आणलंस रे हे?" मी म्हटलं, "निरीक्षण." समोसे आले. मी तीन खाल्ले.

काही महिन्यांनी मालिका लागली आणि उंट चालला. त्याच सुमाराला एका रविवारी बोरिवलीहून बहीण आणि तिचा नवरा जेवायला आले. आईने कोंबडी-वडे केले होते. वडिलांची खुर्ची जेवणाच्या टेबलाजवळच, खिडकीशी. त्यांच्या मांडीवर मऊ भाताची वाटी. ते डाव्या हाताने हळूहळू खात होते. तोवर "पाणी" पूर्ण आलं होतं, "चाय" जवळजवळ आलं होतं.

बहिणीचा नवरा म्हणाला, "दादा, तो लाँड्रीवाला उंट तुमचा ना? आमच्या सोसायटीतली पोरं तसंच तोंड करून फिरतात. सुचतं कसं हो तुम्हाला?"

इथे एक कबूल करायला हवं. आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असतं. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या तेराव्याला जमलेले असोत, जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतं, सांग रे ती अमकी गोष्ट, आणि मी सांगतो. मीठमसाला लावून, आवाज काढून, हातवारे करून. कुणी हसलं की मला थांबता येत नाही. पोट सुटलं, केस गेले, पण ही खोड गेली नाही.

मी सांगितलं. कसा अडकलो होतो, कसा फोन उघडला, कसं तीन फ्रेमचं गुपित सापडलं. आणि मग करून दाखवलं. हनुवटी आत घेतली, उजवा ओठ सोडून दिला, आईच्या आवाजात म्हटलं, "अहो, गाल फुगवा बघू," आणि फुर्रकन हवा सोडली. बहिणीला ठसका लागला. तिचा नवरा टेबलावर हात आपटत होता. आईनेसुद्धा पदर तोंडाला लावला. बायको हसत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

मी वळलो. वडील माझ्याकडे बघत होते. जो माणूस बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं आम्ही घरात कधी धरून चाललो कोण जाणे. सगळं समजतंय असं त्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला सांगितलं होतं. वडिलांनी डाव्या हाताने मांडीवरचा रुमाल उचलला आणि तोंडावर धरला. नाकाखालचं सगळं झाकलं. भात तसाच राहिला. मी वाट बघत होतो की आता ते मेल्या म्हणतील. त्या दिवशी तो शब्द मला फार हवा होता. त्यांनी रुमाल तसाच धरून ठेवला.

"दादा, वाट लावलीस," बहीण पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर फोन उभा केला, तर त्यांनी डाव्या हाताने तो पालथा घातला. तिसऱ्या दिवशीही. आई म्हणाली, अहो, आ करा. ते भिंतीकडे बघत राहिले. मेल्याही बंद झालं, पाणीही. पाणी हवं असलं की पेला वाजवायचे. मुलुंडची मुलगी आली तेव्हा रुमाल खाली आला नाही. तिने लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, मग माझ्याकडे वळली. "काय झालं? इतकं मस्त चाललं होतं."

"मूड नसेल," मी म्हटलं.

"मूडचं काय नाही हो. आत्ता थांबले तर आलेलेही शब्द जातील. काहीही करा, पण सुरू करा."

मला रात्रीपर्यंत थांबवेना. संध्याकाळीच त्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसलो. एरवी मी दोन तास सलग बोलतो, त्या दिवशी तीन शब्द बोललो. म्हटलं, "बाबा, चुकलो मी." त्यांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला. मी तसाच बसून राहिलो. पाच मिनिटांनी त्यांनी अजून वाढवला.

ऑफिसात सुपरवायझरला गाठून म्हटलं, पुढच्या भागांसाठी उंटाचं तोंड सरळ करायचंय.

"वेडा झालास का रे? तेच तर कॅरेक्टर आहे. क्लायंट त्या तोंडावर मरतोय."

मग तिला खरं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. छातीवर हात ठेवून म्हणाली, "अरे यार, किती गोड! वडिलांसाठी ट्रिब्यूट! शेवटच्या नामावळीत टाकू या का आपण?"

मी माझ्या जागेवर येऊन बसलो. कुणाला न विचारता फाईल उघडली. डावी बाजू ठेवली, उजवी पुसली, आरसा लावला. दोन मिनिटांचं काम. उंट सरळ झाला. दोन्ही डोळे सारखे, दोन्ही ओठ सारखे, लाळ नाही. मी त्याला हसवून पाहिलं, बोलवून पाहिलं. जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. मला कोणी अडवलं नव्हतं. सुपरवायझर मीटिंगला गेली होती. क्लायंट झोपलेला होता. वाकडा उंट चांगला होता, एवढंच. मी सरळ उंट पुसून टाकला आणि वाकडा होता तसा ठेवला. लोकांना ही गोष्ट सांगताना एवढा भाग मी गाळतो. म्हणजे, आता ही गोष्ट सांगतच नाही. पण सांगितली तर गाळेन.

तीन आठवडे असे गेले. मुलुंडची मुलगी दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेली. तिसऱ्यांदा फोनवर म्हणाली, पुढच्या महिन्यापर्यंत बघू, नाहीतर माझ्या येण्याला अर्थ नाही.

एका सकाळी आई चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "माका तो व्हिडिओ काढूक शिकव."

"तुला कशाला?"

"तू गेल्यार ते करतत. काल आ केल्यानी. ई पण केल्यानी. तू घरात असलंस तर नाय करणत."

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मधोमध काहीतरी टोचलं. म्हटलं, "बरं. शिकवतो."

"आणि आयक. तो तू बघूचो नाय. असा ते म्हणतत."

"म्हणतात? कसं म्हणतील?"

"बावन वर्षां संसार केलंय. माका कळता."

माझ्या मुलीचा जुना फोन आईला दिला. लाल गोल दाबायचा, झाला की परत दाबायचा, मग इथे, मग या नावावर बोट. ती एका कागदावर चित्रं काढून शिकली. तिला दाखवलेलं ते एकच नाव माझं आहे. मी तिथे थेट मुलुंडच्या मुलीचा नंबर लावून देऊ शकलो असतो. तेच सोपं होतं, आणि माझा त्यात संबंधच उरला नसता. बायकोने तसं विचारलंही. मी म्हटलं, आईचा गोंधळ होईल. आईचा काही गोंधळ झाला नसता.

तेव्हापासून रोज सकाळी अकरा-साडेअकराला माझा फोन थरथरतो. समोर उंट असतो. मालिकेचा दुसरा सीझन चालू झालाय, त्यात त्याला सर्दी होते. व्हिडिओच्या चौकोनात पहिलं चित्र दिसतं तेवढं दिसतं. बहुतेकदा आईचा अंगठा. कधी पंखा. एकदा वडिलांचा कान दिसला, त्यावरचे केस वाढलेले होते. संध्याकाळी घरी जाऊन न्हाव्याला बोलावलं. बोट चौकोनावर न टेकवता मी व्हिडिओ पुढे पाठवतो. तो किती मिनिटांचा आहे तो आकडा मात्र खाली येतोच, तो वाचतो. आधी एक मिनिट असायचा. आता चार.

परवा तिकडून आवाजी निरोप आला. मुलुंडची मुलगी जवळजवळ ओरडत होती. "ऐकलंत ना आजचं? पूर्ण शब्द! एकदम क्लिअर! आणि स्वतःहून, काकूंनी न सांगता! माझ्या अंगावर काटा आला हो."

मी तो निरोप दोनदा ऐकला. तिने शब्द सांगितला नव्हता. मी ऐकलाच असणार असं ती धरून चालली होती. वरच्या चौकोनात आईचा अंगठा होता, चार मिनिटं सात सेकंद. त्याच्यावर बोट ठेवलं असतं तर या जगात कुणाला कळलं नसतं. मी लिहिलं, "हो. ऐकलं. खूप छान." आणि फोन पालथा ठेवला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात आईला विचारलं, "आज काय म्हणाले ते?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तेंका इचार."

मी बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसलो. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. माझे पाय नीट मावावेत म्हणून त्यांनी आपला बरा पाय थोडा आत ओढून घेतला. चेहरा भिंतीकडेच ठेवला. बातम्या संपल्या, जाहिराती लागल्या, पुन्हा बातम्या लागल्या. आईने पानं वाढल्याची हाक दिली तोवर मी तिथेच होतो. विचारलं नाही.